पाव इंच म्हणजे एक फूट : महालक्ष्म्यांजवळची छोटी लाईन आणि तिच्या काठचं गाव

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ते तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, स्वयंपाकघरात आंबील, पुरण, सोळा भाज्या, बाहेर चपलांचा ढीग, आणि ह्या सगळ्यात मागच्या सात वर्षांपासून एका कोपऱ्यात छोटीशी गाडी फिरून राहिली आहे. लोक येतात, नमस्कार करतात आणि मग अर्धे लोक तिथंच वाकून गाडी पाहत बसतात. सासूबाई आधी चिडायच्या, "काहून वं, देवीपुढं हे काय सोंग", आता पोळा झाला की त्याच विचारतात गाडी तपासली का म्हणून. दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच आम्हाला पण सांग कसं केलं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

ही आयडिया काही माझी नाही. अमेरिकेत नाताळात झाडाखाली गाडी आणि तिच्याभोवती बुटकं गाव मांडायची जुनी पद्धत आहे. लायोनेल कंपनीची पहिली गाडी १९०१ साली आली ती मुळात खेळणं म्हणून नाहीच, न्यूयॉर्कच्या दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक थांबावं म्हणून फिरवायला, आणि लोकांनी गाडीच मागितली. त्यांच्याकडचे मोरेव्हियन पंथाचे लोक झाडाखाली येशूजन्माचा देखावा मांडायचे त्याला पुट्झ म्हणायचे, पुढे त्यात गावच्या गाव आलं, १९२०-३० च्या काळात जपानमधून पुठ्ठ्याची छोटी घरं यायला लागली ज्यांच्या पाठीमागं बल्ब घुसवायला एक भोक असायचं. हे भोक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. १९७६ पासून चिनी मातीची दिवे लागणारी घरं निघाली आणि मग तर तिकडे वेडच लागलं.

आता आपल्याकडे हे कशासाठी, तर आपण वेगळं काय करतो सांगा ना. गौरीची आरास, दिवाळीतला किल्ला, नाताळची गव्हाणी, सगळं तेच तर आहे, फक्त मधून गाडी जात नाही.

सगळ्यात आधी माप. इथंच सगळे चुकतात, मीपण चुकली. मी पहिल्या वर्षी ऑनलाइन पाहून एचओ स्केलची गाडी घेतली, म्हणजे १ला ८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. गाडी सुंदर, पण तिच्या मापाचा माणूस दोन सेंटिमीटरचा पण नाही होत, दार इंचभराचं, एवढं बारीक काम करायला बसली तर डोळे गेले आणि आमच्याकडची जी खेळणी होती, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, किल्ल्यावरचे मावळे, ते सगळे तिच्यापुढे राक्षस. मग वाचता वाचता सापडलं की नाताळच्या गावाची हौस असणारे तिकडचे लोक एक भलतीच युक्ती करतात, रूळ एचओचाच वापरायचा, १६.५ मिलीमीटर रुंदीचा, पण त्याच्यावरची गाडी आणि गाव मोठ्या ओ स्केलमध्ये करायचं, १ला ४८. त्याला ओएन-३० म्हणतात. ओ म्हणजे स्केल, एन म्हणजे नॅरोगेज, अरुंद रुळाची लाईन, आणि ३० म्हणजे खऱ्या रुळाची रुंदी तीस इंच.

तीस इंच! म्हणजे अडीच फूट, ७६२ मिलीमीटर. म्हणजे आपली छोटी लाईनच की हो. नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड, तिकडे मूर्तिजापूरची शकुंतला, सगळ्या ह्याच मापाच्या. मी अक्षरशः उठून नवऱ्याला झोपेतून जागं करून सांगितलं. त्याला काही समजलं नाही. पण माझ्या माहेरचे सगळे नागभीडच्या गाडीनं गेलेले, २०१९ मध्ये ती बंद झाली गेज बदलायला, त्याच्या आधी छिंदवाड्याची २०१५ मध्ये, तर इकडे जी गाडी आपल्यासमोर गेली ती तिकडचे लोक नाताळाच्या झाडाखाली फिरवून राहिले होते.

तर एचओचे रूळ घ्या आणि गाव १ला ४८ मध्ये करा. गणित एकदम सोपं आहे कारण १ला ४८ म्हणजे पाव इंचाला एक फूट. शाळेच्या पट्टीवर पाव इंचाची खूण असतेच. सात फुटी दार म्हणजे पावणेदोन इंच. साडेपाच फुटाचा माणूस म्हणजे दीड इंचाला थोडा कमी. एक मजली घर छपरासकट तीन-साडेतीन इंच, दोन मजली पाच. बाभूळ पाच इंच, कडुनिंब आठ ते दहा. ही पट्टी घेऊन घरातला कचरा पाहायला लागलं ना की प्रत्येक डब्यात घर दिसतं, मग घरचे लोक वेडं म्हणतात ते वेगळं.

जागा सहा बाय चार फुटाची लागते. त्याच्यात एचओचा १८ इंच त्रिज्येचा गोल बसतो, बारा वाकडे तुकडे लागतात, मधे दोन्ही बाजूंना नऊ इंची सरळ तुकडे तीन-तीन टाकले की छान लांबट फेरा होतो आणि कडेला चार-सहा इंच उरतात. ह्याच्यापेक्षा कमी जागेत बसवायच्या भानगडीत पडू नका, टाइट गोलाईवर डबे उतरतात. प्लायवूड सुताराकडून आणा, बारा एमएमचं, दोन तुकड्यांत कापून घ्या तीन-तीन फुटाचे, नाहीतर ते माळ्यावर जाणार नाही. खाली चौकट मारायलाच सांगा, नाहीतर पावसाळ्यात प्लाय वाकतो आणि मधोमध पोट येतं. पाय नको, आम्ही दोन जुने बाक लावतो.

मांडायचं कुठं? मी पहिल्या वर्षी बरोबर महालक्ष्म्यांच्या समोर मांडलं. ओटी भरायला आलेल्या एका मावशींचा पदर गाडीवर पडला, गाडी पदर घेऊन निघाली, पुढचं सांगत नाही. बाजूला मांडा. उजव्या किंवा डाव्या हाताला, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट सोडून. आणि सगळा फेरा दाखवू नका. मागच्या बाजूनं चौदा-पंधरा इंच सोडून आडवा पडदा लावा, त्याच्यावर सातपुड्याचे डोंगर रंगवा, आणि पडद्याला दोन ठिकाणी गाडी जायला तोंडं ठेवा, एका तोंडावर बोगदा, दुसऱ्यावर दाट झाडं. गाडी एकीकडे आत जाते, दिसेनाशी होते, थोड्या वेळानं दुसरीकडून येते. एवढ्यानं सगळा खेळ बदलतो, नुसती गोल गोल फिरणारी गाडी पोट्टे पाच मिनिटांत सोडून देतात आणि आत गेलेली गाडी बाहेर येईपर्यंत म्हातारी माणसं पण थांबतात. फक्त मागून हात जाईल एवढी जागा भिंतीपासून ठेवा, कारण गाडी पडली तर नेमकी पडद्यामागंच पडते.

रूळ घेताना खाली राखाडी प्लॅस्टिकचा बेस असलेले, एकमेकांत खट्ट बसणारे घ्या. सुटी गिट्टी फेविकोलनं चिकटवायचे व्हिडिओ पाहून मोहात पडू नका, ते कायमच्या लेआउटसाठी आहे, आपल्याला दरवर्षी काढून ठेवायचं आहे, आणि एक खडा गिअरमध्ये गेला की काम संपलं. चढ-उतार पण करू नका. शंभर इंचाला दोन इंच एवढाच चढ छोट्या इंजिनाला झेपतो आणि आपल्या फेऱ्यात तेवढी लांबीच नाही. त्यापेक्षा गाडी सपाट ठेवा आणि गाव उंच करा, बुटांचे डबे, जाड पुस्तकं, पाट, काय असेल ते ठेवून वरून कापड टाकलं की झाली टेकडी.

नागपूरचा माणूस असल्यामुळे कोणीतरी येऊन म्हणणारच, "ते डायमंड क्रॉसिंग करा ना बे". मला दरवर्षी ऐकावं लागतं. चारी दिशांच्या लाईनी आपल्या गावात एकमेकींना छेदतात हे अभिमानाचं आहे, मान्य, पण टेबलावर आठच्या आकड्यात क्रॉसिंग टाकलं आणि गाडी जरा लांब झाली तर इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्याला धडकतं. पहिल्या वर्षी साधा फेरा करा.

करंटचं नीट वाचा. ह्या गाड्या बारा व्होल्ट डीसीवर चालतात, कंट्रोलरनं व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग बदलतो. अमेरिकेतल्या नातेवाइकानं सेट आणून दिला असेल तर अडॅप्टर पिशवीतून काढल्याबरोबर प्लगमध्ये घालू नका!! तिकडच्या घरांत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अडॅप्टरच्या मागं इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल तरच लावा, फक्त १२० असेल तर इथं मिळणारा वेगळा अडॅप्टर घ्या. आमच्याकडचा एक दोन सेकंदांत गेला, जळका वास दिवसभर होता, आणि ज्यानं आणला तो दीर समोरच बसला होता.

रुळाला वायर एकाच ठिकाणी जोडली तर लांबच्या बाजूला गाडी हळू होते कारण प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. म्हणून समोरच्या बाजूला अजून एक जोडी वायर लावा. बाहेरच्या रुळाला दोन्हीकडे लाल, आतल्याला दोन्हीकडे काळी, हे उलटं झालं तर शॉर्ट.

आता गाडी. बाखमन कंपनीनं १९९८ पासून ओएन-३० च्या तयार गाड्या काढल्या, त्या मिळाल्या तर प्रश्नच नाही, पण महाग पडतात आणि दिसायला अमेरिकन असतात. मी काय केलं, एक जुनं छोटं एचओ शंटिंग इंजिन आणि तीन मालडबे घेतले, वरचं शरीर काढून टाकलं, चाकांच्या सांगाड्यावर पुठ्ठ्याची नवीन बॉडी बसवली. डबा साधारण पावणेदोन ते दोन इंच रुंद, रुळापासून अडीच इंच उंच आणि सहा इंच लांब. खरे डबे ह्याच्यापेक्षा लांब होते हो, पण आपल्या गोलाईवर एवढेच बरे दिसतात. आधी एकदा मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम पाहून या, कडबी चौकाजवळ, २००२ पासून आहे. पट्टी नेऊ नका, फक्त डब्याजवळ उभं राहा आणि खिडकी तुमच्या कुठं येते, पायरी किती उंच आहे ते अंगावर मोजून घ्या. नॅरोगेजचा डबा रुळापेक्षा केवढा रुंद असतो हे तिथं कळतं, गाडी दोन्ही बाजूंनी रुळाच्या बाहेर लटकलेली असते, तीच तिची गंमत. रंग आधी मरून होता, नंतरचे डबे निळे. माझे मरून आहेत. वजन कमी झालं तर डबा उडतो म्हणून आत तळाला दोन जुनी नाणी चिकटवा, वर नाही, तळालाच.

बॉडी रुंद झाल्यामुळे एक करायचंच. कुठलंही घर, झाड, खांब मांडायच्या आधी डब्याच्या मधोमध आतल्या बाजूला एक पेन्सिल आणि कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला एक पेन्सिल टेपनं लावा, टोक खाली प्लायला टेकेल अशी, आणि हातानं डबा पूर्ण फेरा ढकला. दोन रेघा उमटतात. ह्या रेघांच्या आत काहीही यायला नको. गोलाईवर डब्याचं पोट आत आणि कोपरे बाहेर जातात, सरळ रुळावर पाहून अंदाज घेतला की प्लॅटफॉर्म आपटतोच. बोगद्याचं तोंड पण असंच, निदान साडेतीन इंच उंच आणि गोलाईवर असेल तर चार इंच रुंद.

घरं करायला मला सगळ्यात जास्त मजा येते. थर्माकोलची आरास २०१८ पासून महाराष्ट्रात बंद आहे, आणि खरं सांगायचं तर पुठ्ठ्याचं काम थर्माकोलपेक्षा कितीतरी सुबक होतं. संत्रा बर्फीचा डबा, लग्नपत्रिकेचे जाड कागद, औषधांची खोकी. डबा आतून बाहेर उलटा करून चिकटवा म्हणजे छापील भाग आत जातो आणि रंगवायला कोरी बाजू मिळते. दारं-खिडक्या आधी कापा, चिकटवल्यावर नाही. छपरासाठी पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा ओल्या कपड्यानं पुसायचा आणि वरचा कागद सोलून काढायचा, आत नाल्या नाल्या निघतात. जाड नाल्यांचे कवेलू म्हणजे कौलं होतात, पिझ्झाच्या डब्यासारख्या बारीक नाल्यांचे टिन. कवेलूवर एकच लाल रंग फासू नका, आधी विटकरी, मग कोरड्या ब्रशनं कुठं कुठं काळपट, थोडा शेवाळी हिरवा, शेवटी एक-दोन कवेलू सरकलेले दाखवा. पुढे सपरी म्हणजे ओसरी काढा, तिला काड्यापेटीच्या काड्यांचे खांब. सपरीशिवाय आपल्याकडचं घर दिसतच नाही, तिकडच्या चित्रातलं झोपडं दिसतं.

स्टेशनसाठी नागपूरचं मोठं स्टेशन करायला जाऊ नका. सावनेरच्या दगडातली ती इमारत १९२५ पासून उभी आहे आणि ती पाव इंचाच्या मापानं केली तर पूर्ण टेबल खाऊन टाकेल. छोट्या लाईनीवरचं हॉल्टसारखं स्टेशन करा, एक खोली, एक ऑफिसची खिडकी, एक बाकडं, एक पिंपळ. पिवळी पाटी विसरू नका, काळ्या अक्षरांची. आमच्या पाटीवर "आजोळ रोड" लिहिलं आहे, मुलीनं ठेवलेलं नाव.

आता ते भोक. प्रत्येक घराला मागून रुपयाच्या नाण्याएवढं भोक ठेवा. वॉर्म व्हाइट एलईडीची माळ, ती यूएसबीवर चालणारी पातळ तारेची, टेबलाच्या मागून नेऊन प्रत्येक भोकातून एक-दोन दाणे आत घालायचे. खिडक्यांना आतून बटर पेपर लावला की उजेड सारखा पसरतो, दाणा दिसत नाही. भिंती आतून काळ्या रंगवा नाहीतर सगळं घरच कंदिलासारखं पेटतं, खिडकी वेगळी दिसत नाही. ज्यांना सुटे एलईडी लावायचे त्यांनी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पार्टवाल्याकडून घ्या, बारा व्होल्टवर प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. पण दिव्यांची लाईन गाडीच्या कंट्रोलरवरून घेऊ नका, गाडी थांबली की गावातली लाईट जाते. पाहुणे हसतात, म्हणतात वा, एकदम खरंखुरं.

जमिनीसाठी तीन ऋतूंची तीन कापडं ठेवा, आणि हीच खरी गंमत आहे, रूळ आणि घरं तीच पण गाव बदलतं.

महालक्ष्म्यांच्या वेळी भादवा असतो, सगळं हिरवं. हिरवं जाड कापड, त्याच्यावर सुतारवाड्यातला लाकडाचा भुसा चाळून हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला. बांधावरच्या मातीसाठी वापरलेली चहापत्ती धुऊन कडक वाळवून घ्या, आपल्या काळ्या मातीचा असा रंग विकत मिळत नाही. झाडांना पऱ्हाटी वापरा, कपाशीच्या वाळक्या काड्यांना फांद्या इतक्या सुंदर असतात की नुसता भुसा चिकटवला की बाभूळ तयार, गावाकडून कोणी येत असेल तर एक जुडी मागवून ठेवा. आणि वावरासाठी सगळ्यात भारी, पाच-सहा दिवस आधी उथळ ट्रेमध्ये अळीव पेरा. दीड इंच वाढला की आपल्या मापात सहा फुटाचं पीक झालं, ज्वारी म्हणा नाहीतर तूर म्हणा. ट्रेमध्येच राहू द्या, थेट प्लायवर माती टाकून पाणी शिंपडलं तर प्लाय फुगतो, वायरी ओल्या होतात.

तान्ह्या पोळ्याचे नंदी नुकतेच घरात आलेले असतात, पोट्ट्यांना ते ठेवायचेच असतात, आणि तीन इंची नंदी म्हणजे ह्या मापात बारा फुटी बैल. उपाय सोपा आहे, मोठी वस्तू एकदम पुढं, टेबलाच्या काठाला, आणि मागं जाता जाता सगळं लहान. पडद्याजवळची घरं तर मी दोन इंचाचीच केली आहेत, त्यामुळे चार फुटाचं टेबल दूरवर गेल्यासारखं दिसतं. पुढं नंदी, मधे दीड इंची माणसं, मागं नुसते ठिपके.

दिवाळीत हिरवं कापड काढून पिवळं-तपकिरी टाकते, अळीवाच्या जागी वाळक्या गवताच्या पेंढ्या, आणि डोंगरावर किल्ला. किल्ल्याला पोत्याचा कपडा घ्या, मैद्याच्या खळीत बुडवून खोक्यांवर टाका, चुरगळा, पूर्ण वाळू द्या, मग रंगवा. नागपुरात ऑक्टोबरात कडक ऊन असतं, एका दिवसात वाळतो. पणत्या मात्र टेबलावर ठेवायच्या नाहीत. पुठ्ठा, भुसा, कापड, वाळकं गवत, नुसतं पेटायलाच बसलेलं सामान आहे. महालक्ष्म्यांच्या समया पण दोन-तीन फूट लांब, आणि रात्री झोपताना मेन बटण बंद, फक्त कंट्रोलर शून्यावर नाही.

नाताळाला आम्ही गाव उचलून शेजारच्या आंटींकडे नेतो, त्यांच्या गव्हाणीच्या बाजूला. ह्याच्यासाठी एक चर्च केलं, खरं तर तेच स्टेशन आहे, पुढं एक टोकदार मनोरा अडकवला आणि पाटी काढली की झालं. घरांवर कागदी तारे. प्रश्न येतो बर्फाचा. आपल्याकडे बर्फ कधी पडला, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता तेव्हा पण नुसतं धुकंच, तर मी आंटींना म्हटलं बर्फ नको, धुकं करू, मागच्या पडद्यासमोर पांढरी जाळी लावू. त्या म्हणाल्या बाई, बर्फाशिवाय नाताळ कसला. हरली मी. मग करायचंच असेल तर पांढरं फेल्ट कापड वापरा. मीठ नाही, हवेत ओल आली की ते पाणी ओढतं आणि रूळ गंजतात. रांगोळी नाही, तिची बारीक पूड गिअरमध्ये जाऊन दात खाते. आणि कापूस तर रुळाजवळ अजिबात नाही.

कापसाचं जरा सविस्तर सांगते कारण ह्याच्यात माझी एक मोटर गेली. दुसरं वर्ष, महाप्रसादाचा दिवस, घरात साठ-सत्तर पानं, आणि गाडी बोगद्यातून बाहेरच येईना. मागं हात घालून काढली तर चाकांना पांढरी गुंडाळी. पूजेतलं कापसाचं वस्त्र हळदी-कुंकवासकट उडून रुळावर पडलं होतं, त्याचे धागे इंजिनाच्या आसाभोवती असे आवळले की मोटर अडकून गरम, वास यायला लागला. विदर्भाच्या गाडीला कापसानंच थांबवावं, काय बोलणार. तेव्हापासून इंजिनाच्या पुढच्या बंपरखाली मी दात घासायच्या ब्रशचे केस आडवे चिकटवले आहेत, ते अक्षता, पाकळ्या, धागे बाजूला लोटतात. तरी रोज सकाळी चिमट्यानं आस तपासायचा. अडकलं असेल तर ओढू नका, बारीक कात्रीनं कापून काढा.

दुसरा नेहमीचा त्रास, गाडी झटके देऊन चालते, ढकललं की चालते. नव्वद टक्के वेळा रूळ मळलेला असतो. उदबत्ती, धूप, समईच्या तेलाचा धूर, तळण, ह्या सगळ्याचा एक चिकट थर बसतो आणि करंट चाकापर्यंत पोचत नाही. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, गाडीचं बटण बंद करून सुती कपड्यावर घेऊन रूळ पुसा, कपडा काळा निघतो पाहा. समया चालू असताना हे काम नको, ते पटकन पेटतं. मग चाकं, कपडा दोन्ही रुळांवर आडवा टाकायचा, इंजिनाची अर्धी चाकं कपड्यावर आणि अर्धी रुळावर, हलकं धरून ठेवायचं आणि कंट्रोलर थोडा फिरवायचा, चाकं जागेवर फिरून साफ होतात, मग इंजिन उलटं करून बाकीची. पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखड्यांत अजून मळ बसतो. तेल टाकायचं तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल एवढा एक थेंब, वर्षातून एकदा. एकानं खोबरेल टाकलं होतं, जानेवारीत गोठून बसलं.

वेग कमी ठेवा. छोटी लाईन काही वंदे भारत नव्हती. खऱ्या गाडीचे तासाला तीस किलोमीटर धरले तर आपल्या मापात सेकंदाला सात इंच होतात, म्हणजे पूर्ण फेरा वीस-पंचवीस सेकंदांचा. कंट्रोलरवर तेवढ्या जागी पेननं खूण करून ठेवा आणि पाहुण्यांच्या पोट्ट्यांना सांगा ह्याच्या पुढं गेली की पोलीस येतात. पंधरा-वीस मिनिटं चालवून दहा मिनिटं थांबवायची, इंजिनाला हात लावून पाहा, गरम लागलं तर जास्त वेळ. आणि लहान मुलांना हात लावू नको म्हणण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी टेबलाच्या बाजूला एक साधी बॅटरीची गाडी ठेवा, ती खाली जमिनीवर, तिला काय करायचं ते करा.

आवरताना घाई होते आणि पुढच्या वर्षीचं नुकसान तिथंच होतं. विसर्जनाच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी करा. आधी मोबाईलवर वरून एक फोटो, चारी बाजूंनी एकेक फोटो. रुळाच्या तुकड्यांना खालून नंबर टाका, घरं एकावर एक रचू नका, आत चुरगळलेला पेपर भरा. अळीवाचा ट्रे गच्चीवर. खळीच्या डोंगराला झुरळं आणि कसर लागते, पण डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्याच डब्यात प्लॅस्टिकचे रूळ आणि डबे असले तर त्या वासानं प्लॅस्टिक मऊ पडतं. कडुनिंबाचा वाळका पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवा. आणि माळा जर टिनाच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खाली असेल तर गाडी तिथं ठेवूच नका, आपला मे महिना सगळ्यांना माहीत आहे, ग्लूगननं चिकटवलेलं सगळं सुटतं आणि रूळ वाकतात. घरं माळ्यावर चालतात, पण इंजिन, डबे आणि रूळ आमच्याकडे पलंगाच्या पेटीत, रजयांच्या मधे असतात. डब्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे, "महालक्ष्म्यांची गाडी, हात लावू नये".